विद्या उलटते तेव्हा

मुळशी धरणात अडवलेले पाणी आपल्या जुन्या वाटेने जात नाही. मुळा नदीची मूळ दिशा पूर्वेची. पुण्यात मुठेला भेटायचे, पुढे भीमेला, मग कृष्णेला, आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. धरणाने तिला अडवले आणि तिचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवले. सह्याद्रीच्या कड्यावरून ते सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला उतरते, तिथल्या वीजकेंद्राची चक्रे फिरवते आणि त्या विजेवर दूरच्या मुंबईत दिवे लागतात. १९२७ पासून हे चालू आहे.

हेच एखाद्या कल्पित राज्याच्या गोष्टीत वाचले असते तर? एका विद्याधराने नदीचे तोंड फिरवले आणि डोंगरापलीकडच्या नगरीत उजेड पाडला. वाचणाऱ्याने ती थोर जादू मानली असती. चांगल्या वाचकाने मात्र लगेच पुढचा प्रश्न विचारला असता: मग त्या नदीकाठच्या माणसांचे काय झाले?

हा प्रश्न म्हणजे जादूच्या दुष्परिणामांचा प्रश्न. कल्पित जगातली कोणतीही विद्या खरी वाटते ती तिच्या ताकदीमुळे कमी आणि तिच्या किमतीमुळे जास्त. आपल्या कथापरंपरेने या किमतीचा फार बारकाईने विचार केलेला आहे. तो समजून घ्यायचा तर प्रत्येक विद्येला चार प्रश्न विचारावेत. किंमत काय? ती कोण भरतो? कधी भरतो? आणि केलेले मागे घेता येते का? या चार प्रश्नांच्या आधाराने एकेक प्रकार पाहू.

खोटे सांगून मिळवलेली विद्या

महाभारतातला कर्ण ब्रह्मास्त्र शिकायला परशुरामाकडे गेला तो ब्राह्मण असल्याचे सांगून. एके दिवशी गुरू त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपले असता एका किड्याने कर्णाची मांडी पोखरली. गुरूची झोप मोडू नये म्हणून तो हलला नाही. रक्ताच्या ओलाव्याने परशुरामांना जाग आली आणि इतकी वेदना मुकाट सोसणारा हा ब्राह्मण नव्हे, हे त्यांनी ओळखले. शाप दिला: ऐन गरजेच्या वेळी हे अस्त्र तुला आठवणार नाही.

या शापाची रचना पाहण्यासारखी आहे. परशुरामांनी विद्या काढून घेतलेली नाही. ती कर्णाजवळच राहते, पुढची अनेक वर्षे तिच्यात काही उणे दिसत नाही. उणेपण उघड होते ते शेवटच्या दिवशी, चाक जमिनीत रुतलेले असताना. किंमत विद्या घेतानाच ठरली, वसुली मात्र सगळ्यात महागड्या क्षणी झाली. उशिरा उमटणारा दुष्परिणाम कथेत सर्वांत जास्त ताण निर्माण करतो, कारण वाचकाला तो माहीत असतो आणि पात्र तो उराशी घेऊन जगत असते.

सोडता येते, आवरता येत नाही

दुसरा प्रकार अश्वत्थाम्याचा. युद्ध संपल्यावर त्याने गवताची एक काडी मंत्रून ब्रह्मशिर अस्त्र सोडले. समोरून अर्जुनानेही तेच सोडले. दोन्ही अस्त्रे भिडली तर अनर्थ होईल म्हणून व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्याला ते जमले नाही. सोडण्याची विद्या त्याला मिळाली होती, आवरण्यासाठी लागणारा संयम त्याने कमावलेला नव्हता. त्याने ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांकडे वळवले. उत्तरेच्या पोटातला परीक्षित मेलेला जन्मला आणि कृष्णाने त्याला जिवंत केले.

इथे तीन वेगवेगळे परिणाम एकाच वेळी दिसतात. पहिला वापरणाऱ्यावर: कपाळावरचा मणी गेला आणि तीन हजार वर्षे वाहती जखम घेऊन एकट्याने भटकण्याचा शाप मिळाला. दुसरा निरपराध्यावर: न जन्मलेल्या बाळावर. तिसरा भूमीवर: जिथे असे अस्त्र दुसऱ्या अस्त्राने निकामी केले जाते तिथे बारा वर्षे पाऊस पडत नाही, असे महाभारत सांगते. जादूने पर्यावरणावर काय होते याचा विचार इतक्या जुन्या ग्रंथात आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या सुमारास अश्वत्थाम्याची यात्रा भरते. जखमेला लावायला तेल मागत तो अजून फिरतो, अशी लोकांची समजूत आहे. शिक्षा संपू न देणारी लोकस्मृती हादेखील त्या विद्येचाच एक परिणाम म्हणायला हवा.

मेलेल्याला उठवणारी विद्या

संजीवनीची किंमत वेगळी आहे. कच शुक्राचार्यांकडे ती शिकायला गेला. दैत्यांनी त्याला तीनदा मारले. तिसऱ्या वेळी जाळून त्याची राख मद्यात कालवली आणि खुद्द शुक्राचार्यांना पाजली. आता त्याला उठवायचे तर तो गुरूचे पोट फाडून बाहेर येणार. म्हणून गुरूने पोटातल्या शिष्याला मंत्र शिकवला. शिष्य बाहेर आला, गुरू मेला, आणि शिष्याने गुरूला उठवले. एक जीव परत हवा तर दुसरा जीव पणाला लागतो, हा इथला नियम. पुढे शुक्राचार्यांची मुलगी देवयानी हिने कचाला शाप दिला की ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणाला, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. खाडिलकरांनी १९१३ साली याच कथेवर 'विद्याहरण' हे संगीत नाटक लिहिले आणि मद्याचा धागा त्यात पुढे आणला.

संजीवनीचा सर्वांत कोवळा दुष्परिणाम मात्र 'नवनाथ भक्तिसार' या ग्रंथात आहे. धुंडीसुत मालूने शके १७४१, म्हणजे इ.स. १८१९ मध्ये लिहिलेला हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ महाराष्ट्रात घरोघरी वाचला जातो. त्यात लहानगा गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करत बसलेला असतो. शेजारी मुले चिखलाची गाडी करून खेळत असतात. गाडीवान त्यांना जमत नाही, म्हणून ती गोरक्षाला गळ घालतात. तोंडाने मंत्र चालू ठेवून गोरक्ष हाताने मातीचा माणूस घडवतो आणि ते मातीचे बाळ रडू लागते. मुले भूत म्हणून पळतात, गोरक्षही घाबरतो.

इथे मंत्र चुकला नाही. तो बरोबर चालला, फक्त नको त्या वेळी, नको त्या वस्तूवर. आणि मग गोरक्षाचे गुरू मच्छिंद्रनाथ काय करतात? ते बाळ पुन्हा माती करून टाकत नाहीत. त्याला उचलतात आणि गावातल्या एका निपुत्रिक जोडप्याकडे सांभाळायला देतात. तोच गहिनीनाथ. अजाणतेपणी घडले तरी जे जिवंत झाले त्याची जबाबदारी घ्यावी लागते, हा धडा एवढ्या मायेने दुसरीकडे क्वचितच आला असेल. वारकरी परंपरेनुसार याच गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि निवृत्तिनाथांनी ज्ञानेश्वरांना. मुलांच्या चिखलातल्या खेळातून सुरू झालेला परिणाम कुठवर पोहोचला पाहा. दुष्परिणाम म्हणून सुरू झालेली गोष्ट वाईटच राहील असे नाही, कोणी तिला सांभाळले पाहिजे.

काळाला फसवणारी विद्या

चांगदेवांनी योगबळाने मृत्यू चुकवत चौदाशे वर्षे काढली, असे परंपरा सांगते. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ते ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले, आणि ज्ञानेश्वर भावंडांसह बसलेली भिंत चालत त्यांना सामोरी गेली. ती भिंत आळंदीत दाखवतात. त्याआधी चांगदेवांनी पत्र पाठवले होते. वयाने लहान पण ज्ञानाने मोठ्या माणसाला मायना काय लिहावा ते न सुचल्याने त्यांनी कोरा कागदच धाडला. तो पाहून ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई म्हणाली की इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. त्याच 'चांगदेव पासष्टी'.

इथे शरीराला जखम नाही, शापही नाही. किंमत आहे ती आतली. आयुष्य लांबवण्यात सगळी शक्ती गेली आणि आयुष्यात भरायचे ते राहून गेले. योगशास्त्रात पतंजलींनीही सिद्धींना समाधीच्या वाटेतला अडथळा म्हटले आहे. म्हणजे वापरणाऱ्याला ती विद्या यशच वाटत राहते आणि तोटा दुसऱ्याने दाखवावा लागतो. चांगदेवांचे मोठेपण असे की एका लहान मुलीने दाखवलेला तोटा त्यांनी मानला आणि पुढे तिलाच गुरू केले.

सोने देणारी विद्या

नव्या काळातले उदाहरण २०१८ सालच्या 'तुंबाड' चित्रपटाचे. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटामागे पुण्याचे भयकथाकार नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा आहे. त्यात हस्तर नावाच्या देवाला सोने मिळाले, पण अन्न मिळायचे नाही असा बंध पडला. म्हणून पिठाची बाहुली घेऊन खाली उतरायचे, तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या वस्त्रातली नाणी ओढायची आणि पिठाच्या रिंगणाच्या आधाराने निसटायचे. त्याचा स्पर्श झालेला माणूस कुजत राहतो आणि मरत नाही. या जादूचे गणित सरळ आहे: एक बाहुली, एक हस्तर. जास्त सोन्याच्या हावेने बाहुल्या वाढवल्या तर हस्तरही तितकेच होतात. हाव वाढली की त्याच मापाने धोका वाढतो. लेखकाने माप पक्के ठरवले असल्यामुळे शेवटचा अनर्थ वाचक-प्रेक्षकाला अन्यायाचा वाटत नाही.

मूठ, उतारा आणि गावची पथ्ये

आता पोथ्यांमधून उतरून गावात येऊ. मावळात आणि कोकणात जुन्या माणसांकडून मंत्रविद्येचे जे नियम ऐकायला मिळतात, ते सगळे दुष्परिणामांभोवती विणलेले आहेत. मंत्र ग्रहणात, पाण्यात उभे राहून घ्यायचा आणि पुढच्या ग्रहणात उजळायचा, नाहीतर तो मावळतो. विंचवाच्या मंत्राचे पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर गुण जातो. मांत्रिकाने अमुक भाजी खायची नाही. ही पथ्ये म्हणजे रोज थोडी थोडी भरायची किंमत.

मूठ मारणे हा घातक प्रकार. मंत्रलेले उडीद शत्रूच्या नावाने फेकायचे. समोरच्याचा देवऋषी जाणता असेल तर मूठ उलटते आणि मारणाऱ्याच्याच घरी परत येते, असे मानतात. शक्तीला कुठेतरी उतरावेच लागते, ती हवेत विरून जात नाही, ही त्यामागची समजूत. नवनाथांच्या ग्रंथात हेच दुसऱ्या रूपात येते. गोपीचंद राजाने जालिंदरनाथांना खड्ड्यात पुरले होते. त्यांना बाहेर काढण्यापूर्वी त्यांचे शिष्य कानिफनाथ राजाचे वेगवेगळ्या धातूंचे पुतळे करून घेतात. गुरूचा कोप एकेका पुतळ्यावर उतरतो, पुतळे भस्म होतात आणि राजा वाचतो.

उताऱ्यामागेही हीच कल्पना आहे. आजारी माणसावरून भात, लिंबू, नारळ, पिंजर ओवाळून तिठ्यावर ठेवतात आणि जो ओलांडेल त्याला ती पीडा लागेल असे मानतात. इथे जरा थांबून विचार करावा. मूठ उलटते तेव्हा किंमत करणाऱ्याकडे परत येते. उताऱ्यात ती वाटेवरच्या अनोळखी माणसाच्या नावे लिहिली जाते. एकाच गावातल्या या दोन समजुतींत न्यायाच्या दोन अगदी वेगळ्या कल्पना आहेत.

मंत्र कल्पित, परिणाम खरा

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगायला हवी, कारण मुळशीसारख्या भातशेतीच्या, रानाच्या मुलखात ती जिवाशी निगडित आहे. गोष्टीतली जादू कल्पित असते, पण तिच्यावर ठेवलेल्या विश्वासाचे दुष्परिणाम खरे असतात.

साप चावल्यावर मंत्राने माणूस बरा झाला असे दिसते, त्याचे कारण साधे आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी कधी कधी विष सोडतच नाही. अशा वेळी कोणीही काही न करता माणूस बरा होतो आणि श्रेय मंत्राला जाते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या खऱ्या दंशात मात्र प्रत्येक तास मोलाचा असतो. मण्यारीचा दंश तर दुखतही नाही, फारशी सूजही येत नाही. मंत्र लागू पडला असे वाटते, आणि काही तासांनी पापण्या जड होऊन श्वासाचे स्नायू थकू लागतात. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात. यावर उपाय एकच: चावलेला अवयव हलू न देता लवकरात लवकर रुग्णालय गाठणे आणि प्रतिसर्पविष घेणे.

लाल विंचवाचेही तसेच. वेदना ओसरल्या म्हणून मांत्रिक निर्धास्त होतो आणि आत विष हृदयावर, फुप्फुसांवर काम करत राहते. सह्याद्रीखाली महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले.

मंत्राचा इथला दुष्परिणाम म्हणजे गेलेला वेळ, आणि तो मांत्रिक भरत नाही, चावलेला माणूस भरतो. म्हणूनच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली.

मुळशीचा हिशोब

आता पुन्हा धरणाकडे येऊ आणि तेच चार प्रश्न विचारू. किंमत काय? मुळा-निळेच्या खोऱ्यातली सुमारे पन्नास गावांची भातखाचरे, घरे, देवळे. कोणी भरली? जमिनी कसणाऱ्या मावळ्यांनी. पुष्कळ जमिनी कागदोपत्री पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. मोबदला घ्यायला ते तयार झाले, पण कसणाऱ्याला पैशापेक्षा जमीन हवी होती. कधी भरली? ताबडतोब, आणि पुढच्या पिढ्यांनीही. मागे घेता आली का? नाही.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना याच लढ्याने 'सेनापती' केले. १९२४ पर्यंत मावळे लढले, बायकाही तुरुंगात गेल्या. धरण झाले. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

कथेतल्या नियमाप्रमाणे हे पाणी उलटायला हवे होते, ज्यांनी वळवले त्यांच्यावर. ते उलटले नाही. खऱ्या जगात किंमत करणाऱ्याकडे आपोआप परत येत नाही, ती उताऱ्यासारखी तिठ्यावर ठेवलेली असते आणि दुबळा माणूस ती ओलांडतो. हिशोब कोणीतरी मांडावा लागतो. सत्याग्रह हा तो हिशोब होता. जादूटोणाविरोधी कायदाही तसाच एक हिशोब आहे.

या हिशोबात जमेची बाजूही लिहायला हवी. विजेने शहर उभे राहिले. भिऱ्याला वापरून झालेले पाणी कुंडलिका नदीत जाते आणि कोलाडजवळ आज लोक राफ्टिंग करतात ते याच सोडलेल्या पाण्यावर. कुणाच्याही मनात नसलेला हा आणखी एक परिणाम.

स्वतःचे जग रचताना

तुम्ही स्वतः कल्पित जग लिहीत असाल, तर आधी विद्या ठरवू नका, किंमत ठरवा. ती शरीराची आहे की स्मृतीची, नात्याची की भूमीची? उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ साली रचलेल्या अर्थसी या द्वीपसमूहात एका बेटावर पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटाचा दुष्काळ ठरू शकतो, म्हणून तिथला खरा जाणता जादूगार विद्या क्वचितच वापरतो. नंतर माप ठरवा आणि ते शेवटपर्यंत मोडू नका. वसुली कधी होणार ते ठरवा. कर्णासारखी उशिरा, की कचासारखी जागच्या जागी? आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत कसोशीने, किंमत कोण भरतो ते ठरवा. वापरणाराच भरत असेल तर तुमची गोष्ट त्याच्या शोकांतिकेची होईल. दुसरा कोणी भरत असेल तर त्या दुसऱ्याला नाव द्या, घर द्या, बोलू द्या.

सह्याद्रीच्या गावागावांत देवराया आहेत. तिथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, नाहीतर देवाचा कोप होतो, असा दंडक. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या दंडकाने जुनी झाडे आणि दुर्मिळ वनस्पती किती राखल्या आहेत ते समोर आले. ही विद्या कुणा एकाची नाही. किंमत सगळे गाव मिळून भरते, रोज, एक काटकी न उचलून. मिळणारी सावली आणि झऱ्याचे पाणीही सगळ्यांचे. मी पाहिलेल्या, वाचलेल्या सर्व विद्यांमध्ये इतका सरळ हिशोब मला दुसऱ्या कशाचा दिसला नाही. तिच्याही मुळाशी एक गोष्टच आहे, कोपणाऱ्या देवाची. पण त्या गोष्टीने किंमत आणि लाभ एकाच माणसांच्या पदरात बांधून ठेवले आहेत.